तिचं झाड कसं आहे?

प्रिय गवत्या,

तुझं पत्र येऊन आज अठरा दिवस झाले. एरवी मी आठवड्याच्या आत उत्तर टाकतो, त्यामुळे यावेळी तू पोस्टमनला दोन-चारदा तरी हटकलं असशील. काळजी करू नकोस, आजारी वगैरे नाही. आमच्या हिचा गुडघा धरलाय, त्यामुळे क्वार्टरचा जिना उतरताना ती पायरीगणिक माझा उद्धार करते, जणू त्या पायऱ्या मीच बांधल्यात. मुलगा शहरात गाडी चालवतो. महिन्यातून एकदा येतो, येताना मला वाचायचा चष्मा आणतो, आणि पुढच्या वेळेपर्यंत मी तो हरवून बसतो. म्हणजे घरचं सगळं जिथल्या तिथं आहे. उशीर झाला तो तू विचारलेल्या गोष्टीमुळे. चार वेळा कागद पुढ्यात घेतला आणि चार वेळा घडी करून खिशात ठेवला. आज रविवार, रोपवाटिकेत कुणी नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, आपण जिथं पिशव्यांत माती भरायचो त्याच टेबलावर बसून लिहितोय. टेबलाचा एक पाय अजून तसाच आखूड आहे. खाली तू ठेवलेली फरशी आहे.

तू लिहिलंस, की वरच्या पठारावरची सगळी झाडं तोडणार असं उद्यानाच्या गेटवरच्या म्हाताऱ्याकडून कळलं. ते खरं आहे. आणि पुढे लिहिलंस, “मी पहिल्यापासून गवताच्या बाजूचा माणूस. माझी हरकत नाही. फक्त ते एक झाड राहू दे. एवढं कर.” एवढं कर, असं तू चोवीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलंस. नाहीतर तुझी पत्रं कशी असतात ते मला पाठ आहे. कारखान्याच्या गेटवरची पाळी, वहिनींची तब्येत, पाण्याची बोंब, आणि शेवटी एका ओळीत, “तिचं झाड कसं आहे?” मग मी कळवायचं. कमरेएवढं झालं. माझ्या खांद्याला लागलं. आता मान वर करून बघावं लागतं. दोन वर्षांपूर्वी तर मी फुशारकी मारून लिहिलं होतं, की आता त्याची उंची मोजायची तर साहेबांच्या शिडीला शिडी जोडावी लागेल.

इथं काय काय घडलं ते आधी सांगतो. त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी इथं एक बाई आल्या. संशोधन करणाऱ्या, वयाने माझ्याहून लहान, पण चालायला असल्या की माझी जीभ बाहेर. त्यांना पठारावरची ती दलदलीची जागा दाखवली, जिथं तुझा बूट रुतून राहिला होता आणि तू एका बुटावर खाली उतरला होतास. त्या जागेत त्यांनी एक लांब पोकळ नळी खुपसली आणि चिखलाची कांडी बाहेर काढली, हातभर, काळी, थरावर थर चढलेली. म्हणाल्या, “बुवा, ही या डोंगराची जन्मपत्रिका.” प्रत्येक थरात त्या त्या काळच्या फुलांचे परागकण अडकून राहतात म्हणे, आणि ते सूक्ष्मदर्शकातून मोजता येतात. सात-आठ महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा मला शेडमध्ये बसवून त्यांनी सांगितलं, की वरच्या पठारावर हजारो वर्षं गवतच होतं. वरचा नखभर थर सोडला तर झाडाचा पराग असा नाहीच. त्या नखभरात आम्ही लावलेली सुईच्या पानांची झाडं.

गंमत बघ. पायथ्यापासून मधल्या टप्प्यापर्यंतचं जे जंगल आहे, ज्यात शिरलं की लोक आवाज खाली आणतात, ते काही फार जुनं नाही. माझ्या आजोबांच्या हातून तिथं कोळसा पाडला गेलाय. त्या वाटेवर अजून गोल गोल सपाट जागा लागतात, उकरलं की बोटं काळी होतात, तिथं भट्ट्या होत्या. त्यांच्यानंतर ठेकेदार आला, त्याने तारेवरून ओंडके खाली सोडायचं यंत्र बसवलं. त्याचं गंजलेलं चाक ओढ्यात पडलंय, त्यात आता नेचे उगवतात. मग दरड आली, रस्ता गेला, ठेकेदार गेला, आणि डोंगर कुणाच्याच कामाचा उरला नाही म्हणून वाचला. झाडं आपली आपण परत आली. पुढे उद्यान जाहीर झालं आणि वाटेच्या तोंडाशी “प्राचीन वन” असा बोर्ड लागला. तो बोर्ड रंगवला मी. गावच्या शाळेत गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलेल्या अक्षराचा तेवढाच उपयोग झाला, या उद्यानातला प्रत्येक बोर्ड माझ्या हातचा आहे. जे साठ-सत्तर वर्षांचं होतं त्याला मी प्राचीन लिहिलं, आणि जे खरोखर प्राचीन होतं त्यात पहारीने खड्डे खणले.

बाईंना मी म्हटलं, “हे एका माणसाने चोवीस वर्षांपूर्वी याच शेडमध्ये सांगितलं होतं.” त्यांनी विचारलं, “कुणी?” म्हटलं, “गवत्याने.” त्या हसल्या नाहीत. वही काढून त्यांनी ते नाव लिहून घेतलं.

हे नाव तुला कसं पडलं ते तुला सांगायला नको, पण त्या दिवसातली माझी बाजू मी तुला कधी सांगितली नाही. मोठ्या साहेबांनी या टेबलावर नकाशा पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार दगड. सगळा डोंगर हिरवा आणि माथ्यावर पिवळा डाग. साहेब म्हणाले, “डोंगराला टक्कल पडलंय. पाच वर्षांत केस उगवून दाखवू.” सगळे माना डोलवत होते. तू मागे उभा होतास, हाताला माती, आणि तू म्हणालास, “साहेब, टक्कल नाही ते. तिथं गवताचं घर आहे. चंडोल तिथं जमिनीवर अंडी घालतात, खालचा झरा त्या गवतातून झिरपून येतो. आणि टक्कल असलं तरी डोकं चालतंच की.” साहेबांनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली तेव्हा शेडमध्ये जो हशा झाला, तो तुला फार महागात पडला. साहेब हसण्यातले नव्हते. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. “काय रे बुवा, तू देवाधर्माचा माणूस. तूच सांग, झाड लावणं पाप आहे का?”

मी म्हणालो, “नाही साहेब. पुण्य आहे.”

एवढंच. पण त्या दिवशी मला माहीत होतं, की प्रश्न झाडाचा नाही, जागेचा आहे. ते गवत मीही लहानपणापासून बघत होतो. झरा कुठून येतो हे मलाही ठाऊक होतं. पण साहेब माझ्याकडे बघत होते, आणि माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती, आणि खरं सांगू का, “पुण्य” हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा माझा मलाच तो फार आवडला. बाकीच्यांनीही “बरोबर आहे बुवाचं” म्हटलं. साहेब तुझ्याकडे वळून म्हणाले, “ऐकलंस गवत्या?” आणि तुला दुसऱ्या दिवसापासून गेटवर तिकिटं फाडायला बसवलं. या रोपवाटिकेत ज्याच्या हाताखाली प्रत्येक जण शिकला, तो माणूस तिकिटं फाडत बसला. मी येता-जाता तुझ्यासमोरून मान खाली घालून जायचो आणि मनाला समजवायचो, की मी खोटं काही बोललो नाही.

मग दोन पावसाळे आम्ही लावणी केली. गाठी मारलेल्या दोऱ्या ताणायच्या, गाठीगाठीला खड्डा, खड्ड्याला एक रोप. मी प्रत्येक रोपाची माती दाबताना मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचो. हजारो वेळा घेतलं. एवढं नामस्मरण माझ्या आयुष्यात आधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. पाच-सहा वर्षांत पठार खरंच हिरवं झालं. मोठे साहेब बढतीवर गेले. त्यानंतर चंडोल कमी होत गेले. वर उडत उडत गाणारा चंडोल मी शेवटचा पाहिला त्याला नऊ वर्षं झाली. झरा आधी बारीक झाला, मग हिवाळा संपता संपता आटायला लागला, आणि आता रोपवाटिकेला पाणी टँकरने येतं. सुईच्या झाडांखाली तपकिरी सुयांचा जाड थर असतो, त्यावर चाललं की पायाचा आवाज येत नाही. खाली एक पातं उगवत नाही. लोक येऊन म्हणतात, काय शांत आहे!

तुझी ठकी गेली ती आमच्या दुसऱ्या लावणीच्या पावसात. ते मी लिहिणार नाही, ते तुझं आणि वहिनींचं आहे. तीन दिवसांचा ताप, एवढंच मला आठवतं, आणि तिसऱ्या दिवशी गेटवर तुझी खुर्ची रिकामी. ती असती तर आज तीस वर्षांची असती. मला ती पठारावरची आठवते. तू तिला घेऊन वर जायचास तेव्हा ती गवतात पालथी पडायची आणि चंडोलाचं घरटं शोधून काढायची, एक पाऊल न टाकता. आम्ही मोठी माणसं उभ्याने बघायचो म्हणून आम्हाला दिसायचं नाही. कड्याजवळच्या त्या सपाट दगडाभोवती बारीक निळी फुलं यायची, त्यांना ती “डोळे” म्हणायची. मला दटावायची, “बुवाकाका, डोळ्यांवर पाय देऊ नका.” मी पंचवीस वर्षांचा घोडा, पण तिथून चवड्यांवर चालायचो.

ती गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी तू शेडच्या दारात येऊन उभा राहिलास. दाढी वाढलेली. आत आला नाहीस. म्हणालास, “बुवा, एक रोप दे.” मी विचारलं, “कुठं लावणार?” तू म्हणालास, “वर. दगडापाशी. तिथं तिचं काहीतरी राहू दे.”

आता मी जे लिहितोय ते वाचून तुला माझा राग येईल, पण मी ते आजवर देवासमोरही नीट कबूल केलेलं नाही. तू रोप मागितलंस तेव्हा मला तुझं दुःख दिसत होतं, माझ्याही डोळ्यात पाणी होतं, पण त्या पाण्याखाली आत कुठेतरी मी सुखावलो. वाटलं, बघ, शेवटी यालाही झाडच लावावंसं वाटलं. गवत कुणाच्या नावाने कोण लावतं? माझं “पुण्य” खरं ठरलं, आणि तेही तुझ्या तोंडून. लेक गेलेल्या मित्राकडून मी माझा निकाल लावून घेतला. एवढा मी हलका माणूस.

तू त्याच वर्षी डोंगर सोडलास. जाताना बसच्या खिडकीतून म्हणालास, “पहिली दोन वर्षं बघ. मग ते आपलं आपण उभं राहील.” मी हात वर केला.

आता हल्लीचं. बाईंचा अहवाल वर गेला, नवीन साहेबांना पटला, आणि ठरलं की पठार पुन्हा गवताला द्यायचं. लावणाऱ्यांपैकी नोकरीत उरलेला मी एकटाच, शिवाय आता मुकादम, म्हणून प्रत्येक खोडावर लाल पट्टा ओढायचं काम माझ्याकडे आलं. पाच आठवडे मी डबा आणि ब्रश घेऊन वर जातोय. ज्या हातांनी माती दाबली त्याच हातांनी रंग लावतोय. लावताना नाव घेत होतो, आता काय घ्यावं ते कळत नाही. झाडांचा यात काय दोष? त्यांना बोलावलं कुणी? एकेका खोडाला हात लावून मी मनात “चुकलं” म्हणतो आणि पुढे जातो. येत्या सोमवारपासून उत्तरेच्या टोकाकडून तोड सुरू होईल. दगडापर्यंत पोचायला तीन आठवडे लागतील.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, “एक झाड राहिलं तर राहू दे, बुवा. त्याची फळं सुकून बिया उडण्याआधी दर वर्षी आपण खुडून घेऊ, म्हणजे झालं.” नवीन साहेबही भला माणूस आहे. तो म्हणाला, भोवती दगडांचा कट्टा घालू आणि लहानसा बोर्ड लावू, मुलीच्या नावाचा. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. बोर्ड म्हटला की माझाच हात. परवा सुताराने पाटी करून दिली, घासून गुळगुळीत, पांढऱ्या रंगाचा हात दिलेली. ती आत्ता या टेबलावर माझ्या कोपराशी आहे. मी तीन दिवस ब्रश बुडवतोय आणि परत डब्यात ठेवतोय. काल ही खाली जेवणाचा डबा घेऊन आली, गुडघा धरून, आणि पाटी कोरीच बघून म्हणाली, “प्राचीन लिहिताना हात नाही अडला तो. आता दोन अक्षरांना काय झालं?” तिला काही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. बाई वाट बघून बघून म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ का?” मी नको म्हटलं.

गवत्या, तूच आम्हाला शिकवलं होतंस, की पिशवीत जास्त दिवस राहिलेलं रोप वरून देखणं असतं आणि खालून कैदी. त्याची मुळं पिशवीच्या भिंतीला धडकून गोल गोल फिरत राहतात. असं रोप लावायचं तर पिशवी फाडून मुळांना चाकूने उभे छेद द्यायचे, निष्ठुरपणे, तरच ती नव्या मातीत शिरतात. त्या दिवशी तुझ्यासाठी मी सगळ्यात उंच, सगळ्यात देखणं रोप निवडलं. ठकीसाठी म्हणून. ते दोन वर्षांचं होतं, पिशवीत मावत नव्हतं. वर दगडापाशी तू खड्डा खणलास, मी पिशवी फाडली, आणि मुळं बघितली. तुला दिसली नाहीत, तू खड्ड्याकडे बघत होतास, तुझे खांदे हलत होते. माझ्या खिशात चाकू होता. तुझ्यासमोर, त्या रोपाला, तेव्हा चाकू लावायचं माझ्याच्याने झालं नाही. मी ते तसंच तुझ्या हातात दिलं आणि तू ते लावलंस. तू डोंगर सोडून गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ते वाळलं. मी उपटलं तर एका हाताने सहज वर आलं, मुळं पिशवीच्या आकाराचीच होती. डोंगराच्या मातीत एक तंतूही उतरला नव्हता. ते हातात धरून मी दगडावर बसलो असतानाच तुझं पहिलं पत्र खिशात होतं, “तिचं झाड कसं आहे?” त्याला मी फक्त “ठीक आहे” लिहिलं, आठवतं? त्यात उंची नव्हती. दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिकेतून नवं रोप नेलं. तुझ्या खड्ड्यात लावायला हात धजावला नाही, म्हणून चार पावलं अलीकडे लावलं. कमरेएवढं, खांद्याएवढं, जे जे तुला कळवलं ते त्याचं. ज्या झाडाभोवती कट्टा घालायचाय आणि ज्यावर तुझ्या लेकीचं नाव लिहायचंय, ते तिचं नाही, माझ्या लबाडीचं आहे, आणि तेवढ्या एकाच खोडावर मी अजून पट्टा ओढलेला नाही. तू ते लावलेलं नाहीस, पण चोवीस वर्षं तू त्याचीच विचारपूस केलीस, म्हणून तुझ्या शब्दाशिवाय मी त्याला हात लावणार नाही, ठेव म्हणालास तर ठेवीन, आणि बाईंना व साहेबांना खरं काय ते मीच सांगेन. पण हो की नाही ठरवण्याआधी, तीन आठवड्यांच्या आत, एकदा ये. वहिनींना घेऊन ये. तुझा खड्डा मी बुजवला आणि त्या जागेत पुन्हा काही लावलं नाही, भोवतालची सुईची पिल्लं तिथं शिरली की दर वर्षी हाताने उपटत आलो. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. सबंध पठारावर तेवढीच, दोन माणसं बसतील एवढी जागा, कड्याच्या बाजूने उघडी राहिली. तिथं डोळे आलेत. चवड्यांवर चालावं लागतं. तू दर वर्षी विचारायचास त्याचं खरं उत्तर आज देतो. तिचं झाड नाही. तिचं गवत आहे, यंदा गुडघ्याएवढं झालंय.

तुझाच,
बुवा